कर्जांचे प्रतिभूतीकरण आणि ‘खऱ्या विक्री’चा कायदेशीर प्रश्न

प्रस्तावना :
गृहकर्ज, वाहनकर्ज यांसारखी अनेक कर्जे एकत्र करून त्यांच्या हप्त्यांवर आधारित रोखे गुंतवणूकदारांना देणे, यास प्रतिभूतीकरण अर्थात सिक्युरिटायझेशन म्हणतात. मूळ वित्तसंस्था आपली कर्जे स्वतंत्र न्यासाला विकते आणि न्यास त्या आधारे ‘पास थ्रू सर्टिफिकेट’ देतो. कर्जदारांकडून हप्ते वसूल करण्याचे काम मात्र बहुधा मूळ संस्थेकडेच राहते. या रचनेतून निर्माण होणाऱ्या कायदेशीर प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मालकीचा प्रश्न :
मूळ संस्था दिवाळखोरीत गेल्यास ही कर्जे कोणाची? विक्री खरी असेल तर ती न्यासाची ठरतात. विक्री केवळ नावापुरती असेल, तर तो तारणावर घेतलेल्या कर्जाचा व्यवहार ठरू शकतो आणि गुंतवणूकदारास इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागते.

दिवाण हाउसिंगचा अनुभव :
ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीस धनकोंची देणी देण्यास मनाई केली. कर्जे आधीच विकलेली असूनही प्रमाणपत्रधारकांची देणी अडकली, कारण वसुली कंपनीच्याच हाती होती. पुढे न्यायालयाने ही देणी देण्यास मुभा दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने वित्तीय सेवा संस्थांच्या दिवाळखोरीसाठी स्वतंत्र नियम केले. संस्थेच्या ताब्यात असलेली, परंतु त्रयस्थांच्या मालकीची मालमत्ता त्यांत स्थगितीपासून वगळण्यात आली.

नियामक तरतुदी :
२००७ च्या दुरुस्तीने अशा रोख्यांचा समावेश ‘प्रतिभूती’च्या व्याख्येत झाला आणि २००८ मध्ये सेबीने त्यांच्या सार्वजनिक विक्रीचे व सूचीकरणाचे विनियम केले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांनी मूळ संस्थेवर जोखमीचा काही हिस्सा स्वतःकडे ठेवण्याचे बंधन घातले. २४ महिन्यांपर्यंतच्या कर्जांसाठी तो किमान ५ टक्के, त्याहून दीर्घ मुदतीसाठी १० टक्के, तर निवासी गृहकर्जांसाठी मुदत कितीही असली तरी ५ टक्के ठरविण्यात आला.

समारोप :
जोखमीचा हिस्सा राखल्याने कर्ज देताना सावधगिरी वाढते. परंतु वसुलीची रक्कम संस्थेच्या इतर पैशांत मिसळली, तर केवळ विक्रीच्या दस्तऐवजाने गुंतवणूकदाराचे पूर्ण संरक्षण होत नाही. म्हणून वसुलीसाठी स्वतंत्र खाते आणि संकटकाळी वसुलीचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्याची तरतूद, या दोन बाबी करारात स्पष्ट असणे अत्यावश्यक आहे.