स्कूल बोर्डाची खुर्ची

गणेशोत्सवासाठी हायस्कूलचे ऑडिटोरियम किती भाड्याने द्यायचे, रविवारच्या मराठी शाळेला वर्ग उघडून देण्याबद्दल कस्टोडियनचे पैसे वेगळे लावायचे का, हे ठरवते कोण? प्रेसिडेंट नव्हे, गव्हर्नरही नव्हे. हे ठरते गावच्या स्कूल बोर्डात. भाडेवाढ झाली की आपल्या कार्यकारिणीत तावातावाने चर्चा होते, पण ती जिथे मंजूर होते ती सभा सर्वांना खुली असते. शिवाय आपण न्यू जर्सीकर जो प्रॉपर्टी टॅक्स कुरकुरत भरतो, त्यातला निम्म्याच्या आसपास शाळांकडेच जातो.

या खुर्चीवर बसलेल्या एका मराठी बाईंची हकीकत सांगण्यासारखी आहे. स्वाती दांडेकर मूळच्या नागपूरच्या. नागपूर विद्यापीठात त्यांनी केमिस्ट्री आणि बायॉलॉजी घेऊन पदवी मिळवली (आम्हा केमिस्ट मंडळींना तेवढीच कॉलर ताठ करायला जागा). १९७०च्या दशकात त्या आयोवात आल्या आणि सीडर रॅपिड्सच्या शेजारच्या मॅरियन गावात स्थायिक झाल्या. मक्याची शेते आणि थंडी भरपूर, देशी माणसे मोजकी! १९९६ साली त्या तिथल्या लिन-मार स्कूल बोर्डावर आल्या आणि २००२ पर्यंत राहिल्या. आयोवात या कामाला पगार नसतो. सुपरिंटेंडंट नेमणे, बजेट, नव्या इमारती हे सगळे बोर्डाकडे असते. इमारतीसाठी बाँड काढायचा तर ६० टक्के मते लागतात, म्हणजे ज्यांची मुले केव्हाच शाळेतून बाहेर पडली त्या आजी-आजोबांनाही पटवावे लागते.

२००२ मध्ये त्या आयोवाच्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या. भारतात वाढलेल्या बाईला मिडवेस्टची मूल्ये कशी कळणार, अशा अर्थाचा प्रतिस्पर्धी उमेदवाराचा ईमेल बाहेर आला आणि त्याची बातमी देशभर झाली. दांडेकर निवडून आल्या.  माझ्या मते त्या ईमेलला उत्तर भाषणाने नव्हे, आधीच्या सहा वर्षांनी दिले. ज्यांच्या मुलांच्या शाळेचे बजेट या बाईंनी ओळीओळीने वाचले होते, त्यांना त्या परक्या कशा वाटणार? पुढे त्या राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या.

प्रत्येकाची वाट अशीच असते असे नाही. बेळगावचे श्री ठाणेदार हेही केमिस्ट, अ‍ॅक्रन विद्यापीठाचे डॉक्टरेट. त्यांनी २०१८ मध्ये थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी प्रायमरी लढवली, तिसरे आले, मग २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. पण तेवढे पैसे आणि तेवढी हिंमत आपल्यातल्या कितीजणांकडे असणार? टाउनशिप कौन्सिल किंवा स्कूल बोर्ड आवाक्यातले आहे. आपल्या न्यू जर्सीतच तेलुगूभाषक उपेंद्र चिवुकुला फ्रँकलिन टाउनशिपच्या कौन्सिलवर होते, मेयर झाले आणि २००२ साली राज्याच्या असेंब्लीत पोचले. काउंटीच्या नगरसेवकांना इथे २०२० पर्यंत 'फ्रीहोल्डर', म्हणजे जमीनमालक, असे संस्थानी थाटाचे नाव होते. १ जानेवारी २०२१ पासून ते कमिशनर झाले.

"आम्ही अजून एच-वन वर, आम्हाला काय त्याचे?" असे काही जण विचारतील. निवडणुकीला उभे राहायला आणि मत द्यायला सिटिझनशिप लागते, हे खरे. ग्रीन कार्डनंतरही साधारण पाच वर्षे थांबावे लागते. पण सभेत जाऊन बसायला ती लागत नाही. १९७५च्या कायद्याने न्यू जर्सीत या सभा लोकांसाठी खुल्या आहेत आणि नियमित सभेची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते. अजेंडा टाउनशिपच्या किंवा शाळेच्या वेबसाइटवर सापडतो. त्यात 'फॅसिलिटी यूज' हे शब्द दिसले की तो आपल्या ऑडिटोरियमचा विषय समजावा. लोकांच्या बोलण्याची वेळ आली की माइकपाशी जायचे, नाव आणि गाव सांगायचे आणि मुद्द्यावर यायचे. बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मिनिटे मिळतात. आपल्या वार्षिक सभेत आभारप्रदर्शन करणाऱ्यांनी घरी घड्याळ लावून सराव करून जावे.