धार्मिकता आणि अध्यात्म

सुशिक्षित घरांतील बैठकींत एक वाक्य वारंवार कानीं पडतें. घरांत सत्यनारायण असो, श्राद्ध असो कीं मुलाची मुंज असो, कोणीतरी म्हणतोच, ‘माझा अध्यात्मावर विश्वास आहे, धर्मकर्मावर नाहीं.’ असें म्हणणारा बहुधा प्रामाणिक असतो. सोंवळेंओंवळें, मुहूर्त आणि दक्षिणा यांत त्याचें मन रमत नाहीं. पण जगाच्या मुळाशीं कांहीं मंगल तत्त्व आहे, ही जाणीव त्याला सोडीत नाहीं. त्याच घरांतील आजी नित्य पोथी वाचते, एकादशी धरते आणि अध्यात्म हा शब्द आपण होऊन कधीं उच्चारीत नाहीं. या दोघांपैकीं परमार्थाच्या अधिक जवळ कोण? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं.

प्रथम शब्दांचा विचार करणें इष्ट होईल. ‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणें या धातूपासून निघाला. समाजाला सांवरून धरतें तें सारें धर्म, इतका त्याचा जुना अर्थ विस्तृत होता. त्यांत राजाचें कर्तव्य, पुत्राचें कर्तव्य आणि अतिथीचा सत्कार हीं सर्व येत. इंग्रजी अमदानींत ‘रिलिजन’ या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून तो रूढ झाला आणि त्याचा अर्थ आकुंचित झाला. विशिष्ट देवता, ग्रंथ, विधि आणि समुदाय यांस बांधलेला माणूस तो धार्मिक, असें समजलें जाऊं लागलें. ‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्यासंबंधीचें. गीतेच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीं अर्जुन अध्यात्म म्हणजे काय असें विचारतो, तेव्हां श्रीकृष्ण ‘स्वभाव’ असें उत्तर देतात. भाष्यकारांनीं त्या शब्दाचें विवरण निरनिराळें केलें आहे. तथापि अध्यात्म ही बाहेरून अंगावर घेण्याची वस्तु नव्हे, एवढें त्यांतून निश्चित होतें.

दोहोंतील मुख्य भेद साक्षीदाराचा आहे. धार्मिक आचरणाला साक्षीदार असतात. उपवास केला कीं मोडला, देवदर्शन घडलें कीं चुकलें, हें घरच्यांना व शेजाऱ्यांना कळतें. आध्यात्मिक साधनेला मनाखेरीज साक्षी नाहीं. म्हणून दोहोंचे दोषही वेगवेगळे आहेत. धार्मिकता बिघडली म्हणजे तिचा दंभ होतो, आणि हातीं सत्ता असल्यास जुलूम होतो. अध्यात्म बिघडलें म्हणजे त्याची आत्मवंचना होते. तें कोणाला दिसत नाहीं, आणि ज्याला दिसावें तोच डोळे मिटून बसलेला असतो. पहिल्या दोषावर सुधारकांनीं पुष्कळ लिहिलें. दुसऱ्याकडे मात्र फारसें लक्ष गेलें नाहीं.

आचार आणि अंतःकरण यांचें वैर जन्मजात आहे असेंही नव्हे. वारकरी संप्रदाय हें त्याचें जवळचें उदाहरण होय. गळ्यांत तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, आषाढी-कार्तिकीची वारी आणि नित्याचा हरिपाठ हा सारा नियमबद्ध आचारच आहे. परंतु त्याच आचाराच्या आधारानें ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांचा अंतर्मुख विचार, ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा लाखों माणसांच्या घरांत शतकानुशतकें टिकला. ग्रंथालयांतील विचार वाचकाची वाट पाहतो. दिंडींतील विचार चालत दारापर्यंत येतो.

आचार नको असलेला मनुष्य कधीं कधीं आचार पत्करतो, त्या वेळीं त्याचें अध्यात्म कोठें असतें? पुण्यांतील पंचहौदाचें प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाचें निमंत्रण होतें. समारंभाच्या शेवटीं चहाबिस्किटें पुढें आलीं. कांहींनीं तीं घेतलीं, कांहींनीं यजमानाचा मान राखून पेला नुसता हातीं धरला. उपस्थितांत महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही होते. गोपाळराव जोशी यांनीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं आणि एका पेल्यानें शहर ढवळून निघालें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, बहिष्काराचें सावट आलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. १८९२ सालीं रानड्यांनींही प्रायश्चित्त घेतलें.

रानडे हे प्रार्थनासमाजाचे अग्रणी. १८६७ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या त्या समाजांत मूर्तिपूजेला स्थान नव्हतें. निराकार ईश्वराची सामुदायिक प्रार्थना हीच त्याची उपासना. अशा पुरुषानें चहासाठीं प्रायश्चित्त घ्यावें याचा सुधारकांस संताप आला. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे, आणि आपल्याला तो किती लागला हेंही लपविलेलें नाहीं. बहिष्कारामुळें ज्या मित्रांच्या घरांत अडचणी उभ्या राहिल्या, त्यांची सुटका व्हावी हा रानड्यांचा हेतु होता. स्वतःच्या निष्कलंकतेपेक्षां दुसऱ्याच्या घरची शांतता त्यांना मोठी वाटली, असें म्हणतां येईल. उलट, अशा माघारीमुळेंच जुलमी रूढीचें बळ वाढतें, हा टीकाकारांचा आक्षेपही खोटा नव्हे. प्रायश्चित्ताचा विधि एकच. पण भीतीनें केलेला, लाभासाठीं केलेला आणि मित्रासाठीं केलेला विधि हे तीन निराळे विधि होत. तो भेद पंचगव्यांत दिसत नाहीं.

याहून सूक्ष्म उदाहरण साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत आहे. हें पुस्तक त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. अस्पृश्य मानलेल्या जातींतील एक वृद्ध स्त्री लांकडांची मोळी डोक्यावर घेऊं शकत नाहीं. रस्त्यानें जाणारे कोणी हात लावीत नाहींत. श्यामची आई मुलाला मोळी उचलून देण्यास सांगते, आणि घरीं आल्यावर स्नान कर असेंही सांगते. कोंकणांतील त्या व्रतस्थ, अल्पशिक्षित बाईनें स्नानाचा नियम मोडला नाहीं; त्या नियमाला मोळीच्या आड मात्र येऊं दिलें नाहीं. धार्मिकता आणि अध्यात्म तेथें एकाच वाक्यांत शेजारीं उभीं आहेत. तरीही त्या स्नानाचा सल त्या वृद्धेला असणारच; कारण दया मिळाली तरी विटाळाचा शिक्का पुसला गेला नव्हता.

आईनें जेथपर्यंत पाऊल टाकलें त्याच्या पुढचें पाऊल मुलानें टाकलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. १० मे रोजीं तें सुटलें आणि मंदिराचा मार्ग मोकळा झाला. ज्या महाद्वाराच्या आंत जाण्याचा हा झगडा होता, त्याच्याच बाहेर नामदेवाच्या पायरीजवळ चोखामेळ्याची समाधि आहे. १३३८ सालीं मंगळवेढें येथें भिंत कोसळून त्याचा अंत झाला. ज्याच्या अभंगांनीं मंदिर दुमदुमत असे, तो स्वतः मंदिराबाहेर राहिला. विशेष हें कीं गुरुजींचें उपोषण झालें तें पंढरपुरांतीलच तनपुरे महाराजांच्या मठांत. बंद दाराशीं धार्मिकता उभी होती, तशीच तें दार उघडण्याच्या बाजूसही ती उभी होती.

येथें एक शंका उद्भवते. देव जर अंतर्यामीं आहे, तर देवळाच्या दारासाठीं प्राण पणास लावण्याचें कारण काय? अंतरांतच भजन करावें! हा युक्तिवाद ऐकावयास अत्यंत आध्यात्मिक वाटतो. परंतु ज्यांना बाहेर ठेवावयाचें त्यांनाच तो नेहमीं ऐकविला गेला. गाभाऱ्यांत उभा असणारा मनुष्य तो स्वतःला लागू करीत नसे. देवळाची गरज नाहीं असें म्हणण्याचा अधिकार ज्याला देवळांत जाण्याची कोणी मनाई केली नाहीं त्याला फुकट मिळालेला असतो. उंबरठ्यावर अडविलेल्याला मात्र त्याच दारांतून आंत जाणें हा आपण माणूस असल्याचा प्रश्न असतो.

आणि दार उघडलेंच नाहीं तर? २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षें चालला, पण दार उघडलें नाहीं. १९३५ सालीं येवलें येथें त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जुना धर्म सोडल्यावर केवळ अंतरांतील श्रद्धेवर ते थांबले नाहींत. त्यांनीं अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या, संघ दिला, आचार दिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या ग्रंथांत विचार असा आहे कीं एकट्या माणसाला धम्माचें प्रयोजन नाहीं; दोन माणसें एकत्र राहूं लागलीं कीं तें उत्पन्न होतें.

या विचाराच्या प्रकाशांत प्रारंभींच्या बैठकीकडे पुन्हां पाहतां येतें. आचार न मानणाऱ्या गृहस्थाचें अध्यात्म खरें कीं सोयीचें, हें त्याच्या ध्यानाच्या वेळीं कळणार नाहीं. घरांत काम करणाऱ्या बाईचा चहाचा पेला वेगळा ठेवला आहे काय, आणि तो वेगळा असल्यास त्याला तें खटकतें काय, यावरून तें कळेल. पोथी वाचणाऱ्या आजीची कसोटीही तीच. तिच्या एकादशीनें तिचा हात दुसऱ्याच्या मोळीकडे गेला, तर ती अध्यात्म हा शब्द न उच्चारतां त्याच्या घरांत पोहोंचली. आणि तो आखडला, तर पोथी नुसती वाचली गेली. धार्मिक आणि आध्यात्मिक अशीं माणसांचीं दोन दालनें करण्यापेक्षां, आपला नियम किंवा आपली नियममुक्ति यांची किंमत कोण मोजतो, एवढा प्रश्न प्रत्येकानें स्वतःच्या उंबरठ्यावर विचारावा. ती किंमत दुसरा कोणी मोजीत असेल, तर त्या श्रद्धेला कोणतेंही नांव दिलें तरी ती अजून अपुरी आहे.