हौशी वादक, पबमधील कार्यक्रम आणि विमा : कंपनीला कळवावे काय?

संगीताची आवड आहे, पण संगीतावर पोट अवलंबून नाही, अशा माणसाला आपण हौशी कलावंत म्हणतो. आठवडाभर बँकेत, शाळेत वा कारखान्यात नोकरी करावी आणि शनिवारी सायंकाळी गिटार खांद्याला लावून मित्रांसह चार गाणी वाजवावीत, असे अनेकांचे आयुष्य असते. चर्चच्या गायनवृंदात किंवा लग्नाच्या मांडवात वाजवायला शिकलेले आपले काही तरुण आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहतात. तेथे अशा हौशी वादकांची सायंकाळ बहुधा गावातील पबमध्ये जाते. अर्धा-एक तास वादन, थोडे मानधन, कधी केवळ जेवण. त्यात विम्याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. तथापि गाडीला अपघात झाला, वाद्य चोरीस गेले किंवा एखादा श्रोता वायरीत पाय अडकून पडला, की हाच संबंध एकाएकी समोर उभा राहतो. म्हणून या प्रश्नाचा उलगडा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

परम सद्भावाचे तत्त्व

विमा हा इतर करारांसारखा करार नाही. दुकानातून कापड घेताना ते पारखून घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची असते. विम्यात मात्र जोखमीची खरी माहिती विमा उतरविणाऱ्याजवळ असते आणि कंपनी त्याच्या शब्दावर विसंबून हप्ता ठरविते. यामुळेच या करारात दोन्ही बाजूंनी परम सद्भाव असला पाहिजे, असे तत्त्व इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडले. सुमात्रा बेटावरील एका इंग्रज किल्ल्याचा तो विमा होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला, तेव्हा ‘किल्ल्याची दुर्बलता आम्हाला सांगितली नाही’ अशी विमा देणाऱ्याची तक्रार होती. निकाल मात्र विमाधारकाच्या बाजूने लागला. कारण जे विमा देणाऱ्याला स्वतःहून कळायला हवे होते, ते सांगितले नाही म्हणून त्याला तक्रार करता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सद्भावाचे बंधन दोघांवरही आहे, ही या खटल्याची शिकवण आहे.

पुढे ब्रिटनमध्ये सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने या तत्त्वात मोठा बदल झाला. २०१२ साली संमत झालेला ग्राहक विमा कायदा ६ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाने सर्व गोष्टी आपण होऊन सांगितल्याच पाहिजेत, असे बंधन उरले नाही. मात्र कंपनीने जे विचारले असेल, त्याचे उत्तर चुकीचे जाऊ नये याची वाजवी काळजी त्याने घ्यावी लागते. तेव्हा ‘सांगावे काय?’ या प्रश्नापूर्वी एक दुसरा प्रश्न येतो : ‘कंपनीने काय विचारले आहे?’

गाडीचा विमा : खरी मेख येथेच

ब्रिटनमध्ये मोटारीचा विमा घेताना साधारणतः दोन गोष्टी विचारल्या जातात : आपला व्यवसाय काय, आणि गाडीचा वापर कशासाठी होणार? अनेक कंपन्या ‘याशिवाय दुसरा अर्धवेळ व्यवसाय आहे काय?’ असेही विचारतात. दर शनिवारी मानधन घेऊन वाजविणाऱ्या शिक्षकाने येथे ‘नाही’ असे लिहिले, तर ते उत्तर अपुरे ठरण्याचा धोका आहे.

गाडीच्या वापराचे काही ठरावीक वर्ग असतात. पहिला सामाजिक, घरगुती आणि करमणुकीसाठी; दुसरा नोकरीच्या ठिकाणी ये-जा करण्यासाठी; तिसरा व्यवसायासाठी; आणि या सर्वांहून निराळा म्हणजे भाडे घेऊन माणसे वा माल वाहण्यासाठी. मित्राच्या वाढदिवशी विनामूल्य वाजवायला जाणे पहिल्या वर्गात बसते. मानधन घेऊन पबमध्ये वाजवायला जाणे कोणत्या वर्गात बसते, याविषयी मात्र सर्व कंपन्यांचे मत एक नाही. काही कंपन्या वर्षातील चार-सहा कार्यक्रम छंद मानतात, तर काही एका पौंडाचे मानधन असले तरी तो व्यवसाय समजतात. म्हणूनच शेजाऱ्याच्या कंपनीने काय सांगितले, यावर विसंबून राहू नये.

कंपन्यांना याची चिंता का वाटते, हेही समजून घ्यावे. वादकाची गाडी रात्री उशिरा अनोळखी रस्त्यावरून परतते; गाडीत सहकारी असतात; मागे महागडी आणि जड सामग्री असते; आणि ती सामग्री आहे, हे पबबाहेर उभ्या असलेल्या चोरालाही ठाऊक असते. हौशी असो वा धंदेवाईक, ही जोखीम दोघांची सारखीच असते.

सहवादकांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेतला, तर ती भाड्याची गाडी होते काय? तेथील १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात याची सोय आहे. गाडी आठांहून अधिक प्रवाशांसाठी बनविलेली नसावी, जमा रक्कम प्रवासाच्या खर्चाहून अधिक नसावी आणि ही रक्कम प्रवास सुरू होण्यापूर्वी ठरलेली असावी. त्यावर नफा घेतला, की गोष्ट बदलते.

न सांगितल्यास काय होते?

चुकीचे उत्तर जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने दिले असेल, तर कंपनी विमा रद्द करून दावा नाकारू शकते आणि सामान्यतः हप्ताही परत करीत नाही. चूक केवळ निष्काळजीपणाची असेल, तर शिक्षा प्रमाणात असते. समजा, हप्ता ४०० पौंड भरला होता आणि खरी माहिती मिळाली असती तर कंपनीने ५०० पौंड घेतले असते. म्हणजे हप्ता चार पंचमांश भरला गेला. तेव्हा २,००० पौंडांच्या दाव्यापोटी १,६०० पौंडच मिळतील. मात्र खरी माहिती कळल्यावर कंपनीने विमाच दिला नसता, तर निष्काळजीपणाच्या चुकीतही ती हप्ता परत करून दावा नाकारू शकते.

अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर त्या जखमी व्यक्तीला कंपनीला बहुतेक प्रसंगी भरपाई द्यावीच लागते. पण काही परिस्थितींत ती रक्कम कंपनी विमाधारकाकडून वसूल करू शकते. शिवाय विम्यात न बसणाऱ्या कामासाठी गाडी चालविणे हे विम्याविना गाडी चालविणे ठरू शकते. त्यासाठी ३०० पौंडांचा दंड आणि परवान्यावर ६ गुण अशी ठरलेली शिक्षा आहे. शनिवारच्या ५० पौंडांसाठी ओढवून घ्यावी, अशी ही गोष्ट नाही.

सवलतींचा चुकीचा अर्थ

येथे दोन गैरसमज दूर करणे आम्हाला अगत्याचे वाटते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून किरकोळ व्यवसायाच्या १,००० पौंडांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला करातून सूट आहे. तसेच इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ साली लागू झालेल्या लाइव्ह म्युझिक कायद्यामुळे मद्यविक्रीचा परवाना असलेल्या पबमध्ये सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात २०० श्रोत्यांपर्यंतच्या वादनाला निराळा परवाना लागेनासा झाला. २०१५ साली ही मर्यादा ५०० वर नेण्यात आली. या सवलती कराच्या आणि परवान्याच्या आहेत. विमा कंपनीशी झालेल्या कराराला त्या बांधील नाहीत. करमाफी म्हणजे विम्याच्या अटींतून माफी नव्हे.

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांसाठी तर विम्याआधी एक मोठा अडसर आहे. या व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि मनोरंजन करणारा कलावंत म्हणून कामही करता येत नाही. आपल्या पाल्याने फोनवर मोठ्या आनंदाने ‘पबमध्ये वाजवायचे पैसे मिळाले’ असे सांगितले, तर पालकांनी ही बाब त्याच्या कानावर अवश्य घालावी.

वाद्ये आणि इतरांची इजा

घरसामानाच्या विम्यात गिटार वा कीबोर्ड येत असला, तरी एका वस्तूमागे भरपाईची कमाल मर्यादा असते. घराबाहेर नेलेल्या वस्तूंसाठी बहुधा वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मोबदल्यासाठी वापरलेली वाद्ये वगळली आहेत काय आणि कोणी नसताना गाडीत ठेवलेल्या वस्तूंविषयी काय लिहिले आहे, ही दोन कलमे वादकाने नजरेखालून घालावीत.

स्पीकर कोसळून कोणाला इजा झाली, तर पबचा विमा पबच्या चुकीपुरता असतो. वादकाच्या चुकीची जबाबदारी वादकावर येते. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा असतो. कित्येक पबमालक त्याचे प्रमाणपत्र आधी मागतात. वादकांच्या संघटना आणि हौशी संगीतमंडळांच्या संस्था आपल्या सभासदांना असा विमा मिळवून देतात. हौशी वादकाला हा मार्ग पुष्कळदा सोपा पडतो.

आपल्याकडे काय?

हाच प्रश्न वसई, मुंबई वा गोव्यात रिसॉर्टमध्ये आणि लग्नसमारंभात वाजविणाऱ्यांनाही लागू पडतो. मात्र येथील नियम निराळे आहेत. ब्रिटनप्रमाणे ‘विचारले तेवढेच सांगा’ असा कायदा भारतात नाही. येथे परम सद्भावाचे जुने तत्त्व आजही भक्कम आहे. जी गोष्ट कळल्यावर शहाणा विमा देणारा जोखीम घ्यावी की नाही याचा वेगळा विचार करील, ती महत्त्वाची बाब होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका मेडिक्लेमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्रस्तावपत्र एजंटने भरले, तरी सही आपली असते, हे विसरू नये.

गाडीपुरते पाहिल्यास आपल्याकडील खासगी मोटारीच्या विम्याची भाषा काहीशी उदार आहे. भाडे वा मोबदला घेऊन वापर, नमुने व वैयक्तिक सामानाखेरीज इतर मालाची वाहतूक, शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि मोटारींच्या धंद्यासाठीचा वापर वगळता अन्य कामांसाठी गाडी वापरता येते. तेव्हा स्वतःच्या गाडीतून स्वतःची गिटार घेऊन कार्यक्रमाला जाणे निराळे, आणि त्याच गाडीत ध्वनियंत्रणा भरून ती भाड्याने पोहोचविणे किंवा वादकांकडून माणशी भाडे घेणे निराळे. नाव मानधन ठेवा वा बिदागी. पैसा वादनाचा आहे की वाहतुकीचा, हे पाहिले जाते.

गाडीच्या विम्यात गाडी येते, मागच्या सीटवरचा कीबोर्ड त्यात आपोआप येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या विम्यात आग, पूर, वादळ अशा आपत्तींपासून घराचे आणि घरातील वस्तूंचे संरक्षण होते. चोरीची भरपाई मात्र अशी आपत्ती आल्यामुळे पुढील सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच मिळते. हॉलमधून वा गाडीतून गेलेल्या वाद्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. वैयक्तिक अपघात विम्यात व्यवसायानुसार जोखमीचे गट असतात. म्हणून वादन हे उत्पन्नाचे नियमित साधन झाले असल्यास तेथेही कळवावे.

धर्मग्रामाच्या सणाला किंवा मिस्साच्या वेळी विनामोबदला वाजविणाऱ्यांनी व्यवसायाच्या प्रश्नाची धास्ती घेण्याचे कारण नाही. परंतु गायनवृंदाच्या मालकीची वाद्ये कोणाच्या नावे, कोणत्या ठिकाणासाठी आणि किती रकमेला विमा उतरविलेली आहेत, याची नोंद कार्यकारिणीने जरूर ठेवावी.

थोडक्यात

मोबदल्याचा पहिला कार्यक्रम स्वीकारण्यापूर्वी कंपनीला एक पत्र वा ईमेल पाठवावा. त्यात चार गोष्टी लिहाव्यात : वर्षाला साधारण किती कार्यक्रम, किती मानधन, गाडीतून काय आणि कोण जाणार, आणि वाद्यांची किंमत किती. उत्तर लेखी घ्यावे व जपून ठेवावे. फोनवर बोलणे झाले असल्यास तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. पुष्कळदा उत्तर येते, ‘हरकत नाही’. कधी थोडा अधिक हप्ता पडतो. क्वचित कंपनी बदलावी लागते. पुढे कार्यक्रम वाढले, तर नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा कळवावे.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास भारतात विमा लोकपालाकडे जाता येते; त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत. ब्रिटनमध्ये वित्तीय लोकपाल सेवा आहे. दोन्ही ठिकाणी तक्रारदाराला शुल्क पडत नाही. तथापि लोकपालासमोरही शेवटी एकच गोष्ट तपासली जाते : आपण काय सांगितले होते आणि ते कागदावर आहे काय?

अपघातानंतर विम्याचे कागद उघडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. हौशी माणसाचे वाद्य बहुधा पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतलेले असते आणि गाडी साऱ्या कुटुंबाची असते. दहा मिनिटे खर्चून लिहिलेल्या चार ओळी त्या दोहोंचे रक्षण करतात. तेव्हा ‘कंपनीला कळवावे काय?’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे : मोबदला घेत असाल, तर कळवावे, शंका असेल, तर विचारावे, आणि दोन्ही गोष्टी वाद्य गाडीत ठेवण्यापूर्वी कराव्यात.