अल्कोहॉलमापन, अल्पमद्य बिअरचे

बिअरची घनता व तिच्याशी निगडित अन्य भौतिक गुणधर्म मोजून तीमधील अल्कोहॉलाचे अल्प प्रमाण ठरविण्याच्या पद्धती. माल्टाच्या गोड काढ्याचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन (आंबविण्याची क्रिया) केले म्हणजे बिअर तयार होते. अल्पमद्य प्रकारात किण्वन मध्येच थांबवितात, माल्टोज शर्करा न आंबविणारे यीस्ट वापरतात किंवा तयार बिअरमधील अल्कोहॉल निर्वात ऊर्ध्वपातनाने वा व्यस्त तर्षणाने काढून घेतात. भारतात अन्नसुरक्षाविषयक २०१८ च्या विनियमांनुसार घनफळाने ०·५ टक्क्याहून अधिक अल्कोहॉल असलेले पेय मद्य ठरते. या सीमेजवळ दशांश टक्क्याची चूकही क्षुल्लक नसते. परवाना व वेष्टनावरील मजकूर तिच्यावर अवलंबून असतात आणि आजारपणामुळे किंवा धर्माज्ञेने मद्य वर्ज्य केलेला ग्राहक त्या मजकुरावरच विसंबतो.

२०° से. तापमानाला पाण्याची घनता ०·९९८२ ग्रॅ./मिलि. व एथिल अल्कोहॉलाची ०·७८९२ ग्रॅ./मिलि. असते. पाण्यात घनफळाने १% अल्कोहॉल मिसळल्यास घनता सु. ०·००१५ ने घटते. उलट बिअरमध्ये उरलेल्या शर्करा, डेक्स्ट्रिने इ. विद्राव्य पदार्थांमुळे (अर्कामुळे) ती वाढते. १% अर्काने होणारी वाढ सु. ०·००४ इतकी असल्याने अडीच टक्के अल्कोहॉलाने झालेली घट तीत सहज झाकली जाते. त्यामुळे बिअरच्या केवळ एका घनतेवरून अल्कोहॉल काढता येत नाही. दोन अज्ञात राशींसाठी दोन स्वतंत्र मापने आवश्यक असतात.

किण्वनापूर्वीची व नंतरची घनता तरंगत्या घनतामापकाने मोजून त्यांच्या फरकावरून अल्कोहॉल काढण्याची रीत सर्वांत सोपी होय. तिच्या मुळाशी कार्ल बालिंग यांचे समीकरण आहे. त्यानुसार २·०६६५ ग्रॅ. अर्कापासून १ ग्रॅ. अल्कोहॉल, ०·९५६५ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व ०·११ ग्रॅ. यीस्ट निर्माण होते. नेहमीच्या बिअरला ही रीत पुरेशी आहे. अल्पमद्य बिअरमध्ये मात्र ०·५% अल्कोहॉलामागे विशिष्ट गुरुत्वातील एकूण फरक जेमतेम ०·००४ असतो, म्हणजे ०·००१ अंतराने रेषा आखलेल्या घनतामापकावर अवघ्या चार रेषा. शिवाय अल्कोहॉल मागाहून काढून घेतलेल्या बिअरला ही रीत मुळीच लागू पडत नाही. तेथे घनतेचा फरक काय निर्माण झाले ते सांगतो, काय उरले ते नव्हे.

ऊर्ध्वपातन ही प्रमाणभूत पद्धत मानली जाते. विरलेला वायू काढून टाकलेल्या बिअरचे मोजलेले घनफळ २०° से. तापमानाला घेऊन ती उकळतात. वाफेबरोबर आलेले अल्कोहॉल थंड करून गोळा करतात व ऊर्ध्वपातित द्रवात शुद्ध पाणी घालून तो त्याच तापमानाला मूळ घनफळाइतका करतात. अर्क मागे राहिल्यामुळे या द्रवाची घनता थेट अल्कोहॉल दर्शविते. ०·५ टक्क्याला ५० मिलि. च्या घनतामापन कुपीत पाण्याच्या तुलनेने केवळ ३७ मिग्रॅ. चा फरक पडतो. चांगला तराजू ०·१ मिग्रॅ. पर्यंत तोलत असल्याने अडचण वजनाची नसून तापमानाची असते. २०° से. च्या आसपास १° से. ने चुकल्यास घनतेत सु. ०·०००२ फरक पडतो, म्हणजेच सु. ०·१४% अल्कोहॉलाची चूक होते. फेस उतू जाणे किंवा सांध्यांतून वाफ निसटणे यांमुळे आकडा नेहमी खरा असेल त्याहून कमीच येतो, ही गोष्ट उत्पादकाच्या सोयीची असल्याने तपासनिसाने अधिक ध्यानात ठेवावी.

ऊर्ध्वपातन टाळून दोन मापने करण्याचा मार्ग प्रणमनांकाने (प्रकाशकिरण किती वळतो हे दर्शविणाऱ्या संख्येने) मोकळा होतो. नाशिक जिल्ह्यातील वणी व दिंडोरी परिसरातील द्राक्ष बागायतदार काढणीपूर्वी मण्याच्या रसाचा थेंब प्रणमनांकमापकावर ठेवून ब्रिक्स अंश वाचतात, तेच हे उपकरण. न आंबलेल्या रसात त्याचे वाचन बरेच विश्वसनीय असते. किण्वन सुरू झाले की ते फसवू लागते, कारण पाण्याचा प्रणमनांक १·३३३, तर अल्कोहॉलाचा १·३६१ असल्याने अल्कोहॉलही शर्करेसारखाच तो वाढवितो. घनतामापकाची फसगत याच्या उलट दिशेने होते. ही विरुद्धता उपयुक्त ठरते : अर्काने दोन्ही वाचने वाढतात, अल्कोहॉलाने एक घटते व दुसरे वाढते, म्हणून दोन्ही मिळून अर्क व अल्कोहॉल यांची उकल करता येते.

वाइनसाठी वापरला जाणारा उकळबिंदूमापक येथे फारसा उपयोगी नाही. नाशिकच्या सु. ६०० मी. उंचीवर पाणीच सु. ९८° से. ला उकळते व हवेच्या दाबाबरोबर तेही बदलते.

आधुनिक प्रयोगशाळांत कंप पावणाऱ्या यू-आकाराच्या काचनळीचा घनतामापक वापरतात. नळीतील द्रव जितका जड तितका तिचा कंपनकाल अधिक. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील आंटोन पार या कंपनीने १९६७ मध्ये असे पहिले अंकीय उपकरण बाजारात आणले. घनता ०·००००१ ग्रॅ./मिलि. पर्यंत अचूक मिळाल्यास अल्कोहॉलातील अनिश्चितता ०·०१ टक्क्याहूनही कमी राहते, मात्र नळीत बारीकसा बुडबुडा अडकला तरी वाचन निरर्थक होते. ‘शून्य’ असे लिहिलेल्या बिअरसाठी घनतेवर न विसंबता वायू वर्णलेखन किंवा अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमाची विक्रिया वापरतात. दोन्हींत अर्काचा अडथळा येत नाही.

निष्कर्ष लिहिताना एकक स्पष्ट करावे लागते. घनफळाने ०·५% अल्कोहॉल वजनाने सु. ०·४% भरते. नमुन्यातील वायू काढण्यासाठी तो हलवितात वा गाळतात. हे झाकलेल्या पात्रात व थंड अवस्थेत करावे लागते, अन्यथा मोजायच्या अल्कोहॉलाचाच काही भाग हवेत निघून जातो.