आधी वीज, पाणी की रस्ता?

समज : वीज असली की बाकीचं आपोआप चालतं.

परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं, कारण पाणी नव्हतं. बॉयलरला पाणी लागतं आणि टर्बाईन फिरवून आलेली वाफ थंड करायला त्याहून कितीतरी जास्त लागतं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरकरांना प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. वीज पाण्यावाचून अडली आणि पाणी रुळांवरून आलं.

समज : पुरात पाण्याची कसली वानवा?

ऑगस्ट २०१९, कोल्हापूर. पंचगंगा गल्लीत शिरलेली आणि नळ कोरडे. पाणी उचलणारी उपसा केंद्रं नदीकाठीच असतात, तीच बुडाली. पूर ओसरला म्हणून लगेच बटण दाबता येत नाही. चिखल उपसायचा, मोटारी उघडून वाळवायच्या, केबल आणि पॅनेल तपासायचे, मग पंप सुरू. तोवर टँकर. टँकरला डिझेल हवं, आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली! 'आमच्याकडे जनरेटर आहे' म्हणणाऱ्यांची निश्चिंतीही टाकीतल्या डिझेलइतकीच.

समज : मेस्माखाली येणाऱ्या सेवांची यादी म्हणजेच महत्त्वाचा क्रम.

मेस्मा म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवांचा कायदा, आणि तो संपाला आवर घालण्यासाठी आहे. त्यात नाव आल्याने एकही उपसा केंद्र पूररेषेच्या वर जात नाही.

समज : जिच्यावाचून लगेच बोंब उठते, तीच सेवा सगळ्यांत मोलाची.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि देशभर बातमी झाली. मैलापाण्याचे पंप बंद पडले, तर मात्र सुरुवातीला कुणाला पत्ताही लागत नाही. चेंबर तुंबून घाण वर आली की कळतं. सेवांचा क्रम लावायचाच, तर माझ्या मते दोन प्रश्न विचारून लावावा : हिच्यावाचून किती तास निभेल? आणि ही पडली, तर सोबत आणखी काय पडेल? मोबाईल टॉवरला बॅटरी काही तास तारते, अतिदक्षता विभागाला मिनिटांचाही भरवसा नाही. उत्तर गावागणिक, ऋतूगणिक बदलणार. म्हणून वीज, पाणी आणि रस्ते या तिन्ही खात्यांनी आपत्तीचे आराखडे एकत्र बसून तपासायला हवेत, कारण प्रत्येकाच्या आराखड्यात बहुधा बाकीचे दोघे सुरळीत चालू आहेत, असंच धरलेलं असतं.