'अमक्याची बायको' आणि मताचा हक्क

आमच्या घरात एक गोष्ट फार वेळा सांगितली जायची. १९५०च्या आसपास केव्हातरी कल्याणला आमच्या मोहल्ल्यात मतदारयादीचं काम करणारा कारकून आला. दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वय अंदाजाने सांगितलं आणि दादीचं नाव विचारल्यावर म्हणाले, "लिहा, माझी बायको." कारकून म्हणाला, "चाचा, बायको हे नाव नाही. तसं लिहिलं तर वरचे लोक खोडून टाकतील." दादा गप्प. परक्या पुरुषाला घरातल्या बाईचं नाव कसं सांगायचं? शेवटी पडद्याआडून दादीनेच ते सांगितलं, चांगलं खणखणीत. अब्बा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. ते म्हणायचे, "आपल्या आईला नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं."

कारकून उगाच सांगत नव्हता. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा तसा हुकूमच होता. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असं लिहून घेतलेली नावं ग्राह्य धरायची नाहीत. स्वतःचं नाव सांगायला तयार नसलेल्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया त्यामुळे पहिल्या यादीतून गळाल्या. त्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण तो संकोच काही फक्त उत्तरेचा नव्हता.

मताचा हक्क सामान्य माणसापर्यंत कसा आला, हे सांगताना अमेरिकेपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ती चुकीची नाही. १७७६ साली स्वतंत्र झालेल्या अमेरिकेत सुरुवातीला बहुतेक राज्यांत मत होतं ते जमीनजुमला असलेल्या किंवा कर भरणाऱ्या पुरुषाला. ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही तो मालक सांगेल तसं मत देईल, अशी त्यामागची समजूत. पुढे पश्चिमेकडे नवी राज्यं झाली. तिथे माणसं यायला हवी होती, मग अटी सैल झाल्या. इंडियाना आणि इलिनॉय ही राज्यं १८१६ आणि १८१८ साली आली, ती मालमत्तेची अट न घालताच. १८१२च्या युद्धात बंदूक उचललेले लोकही विचारू लागले की लढायला आम्ही चालतो, मग मत द्यायला का नाही? जुन्या राज्यांनाही हळूहळू वाकावं लागलं.

या लाटेचा चेहरा म्हणजे अँड्र्यू जॅक्सन. १८२४ साली त्याला सगळ्यांपेक्षा जास्त मतं मिळाली, पण स्पष्ट बहुमत नव्हतं. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तिथे जॉन क्विन्सी अॅडम्स अध्यक्ष झाला. जॅक्सनच्या लोकांनी 'लोकांचा कौल चोरला' म्हणून चार वर्षं रान उठवलं आणि १८२८ साली त्याला निवडून आणलं. १८२४ला देशभरात साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली होती, १८२८ला अकरा लाखांच्या वर गेली. नुसते हक्क वाढले म्हणून हे झालं नाही. अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी पूर्वी अनेक राज्यांत विधिमंडळंच ठरवायची, ते आता लोकांच्या मतांनी ठरू लागले. शिवाय गावोगाव पक्षाचे कार्यकर्ते, मिरवणुका, गाणी, जेवणावळी हे सगळं सुरू झालं. १८२९च्या मार्चमध्ये जॅक्सनचा शपथविधी झाला तेव्हा अध्यक्षांच्या निवासस्थानात गर्दी घुसली, चिखलाच्या बुटांनी खुर्च्यांवर चढली, काचेची भांडी फुटली. सभ्य लोकांनी नाकं मुरडली.

१८४० साली तर विल्यम हेन्री हॅरिसन या उमेदवाराचा प्रचार लाकडी ओंडक्यांच्या झोपडीचं चित्र पुढे करून झाला. हा आपल्यातलाच गरीब माणूस, असं सांगायचं होतं. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातल्या मोठ्या बंगल्यात जन्मलेला! आमच्या ठाण्याला अशी कल्पित झोपडी लागली नाही. इथे खरोखर रिक्षा चालवलेला माणूस १९९७ साली नगरसेवक झाला आणि २०२२ साली राज्याचा मुख्यमंत्री. एकनाथ शिंदे यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, ती रिक्षा मात्र खरी आहे.

पण अमेरिकेच्या या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. दार उघडत होतं ते गोऱ्या पुरुषांसाठी. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रिया आणि स्वतंत्र काळे लोक मत देत असत, त्यांचा हक्क १८०७ साली काढून घेतला. न्यू यॉर्कने १८२१ साली गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ संपवली आणि काळ्यांसाठी अडीचशे डॉलरची ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ साली काळ्यांना मतदानातून साफ वगळलं. आणि 'लोकांचा माणूस' असलेल्या जॅक्सनने १८३० साली कायदा करून मूळच्या आदिवासी जमातींना त्यांच्या जमिनींवरून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याची सोय केली. म्हणजे एकाच्या हातात मत येत होतं, तेव्हा दुसऱ्याच्या हातातून ते, आणि घरदारही, जात होतं.

आपल्याकडे ही गोष्ट नीट ओळखली ती जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. जॅक्सनसाठी नव्हे, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी जे झटले त्यांच्यासाठी. पुढे काही वर्षं जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. लोकांनी निवडून देण्याची सोय तेव्हा नव्हतीच म्हणा ना.

ठाणे नगरपालिका १८६३ची, कल्याणची त्याच्याही आधीची. नगरपालिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नगरसेवक येतो, पण सुरुवातीच्या पालिकेत बसायचे ते सरकारी अधिकारी आणि त्यांनी नेमलेले शहरातले वजनदार गृहस्थ. १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक कारभारात लोकांनी निवडलेली माणसं असावीत असा ठराव केला. १८८४ साली मुंबई इलाख्यात त्याप्रमाणे कायदा झाला. पण 'लोक' म्हणजे कोण? जो कर भरतो, ज्याचं घर आहे, जो शिकलेला आहे तो. अमेरिकेत जे आधी होतं तेच इथे साठ-सत्तर वर्षांनी आलं. होडीवर रेती काढणारा, शेतावर राबणारा, मैला वाहणारा माणूस त्या यादीत नव्हता.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली. ते तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मताची अट इतकी उंच ठेवू नका की अस्पृश्य माणूस तिथवर पोचणारच नाही, हे त्यांचं म्हणणं. लोक आधी शहाणे होऊ देत, मग मत देऊ, असं म्हणणाऱ्यांना त्यांचं उत्तर होतं की कारभारात भाग घेणं हेच एक शिक्षण आहे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मतदानच मागितलं. सरकारने ऐकलं ते थोडं थोडं. १९१९च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांच्या आसपास मतदार झाले, १९३५च्या कायद्याने तीन कोटींहून जास्त. तरीही मोठमोठी मोहल्ले-वाडे यादीबाहेरच होते.

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण हा भाग माझ्या घरातून जातो.

१९०९च्या कायद्याने मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले. मुसलमान मतदारांनी त्या जागांवर मुसलमान उमेदवारच निवडायचा, इतरांनी त्यात मत द्यायचं नाही. शेजारी राहायचं, एकाच नळावर पाणी भरायचं, आणि मतपेटी मात्र वेगळी. दादांचं स्वतःचं घर होतं, म्हणून १९४६च्या निवडणुकीत त्यांना मत होतं. दादीला नव्हतं. काही स्त्रियांना नवऱ्याच्या मालमत्तेवर मत मिळे, पण दादांची ऐपत तिथवर पोचत नव्हती. दादांच्या भावांना नव्हतं, होडीवरच्या माणसांना नव्हतं. त्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या विधानसभेतल्या मुसलमानांच्या तीसही जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. दादांनी मत कुणाला दिलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि अब्बांनी कधी विचारलं नाही.

मुसलमानांनी पाकिस्तानला कौल दिला, असं या निकालाकडे बोट दाखवून आजही सांगितलं जातं. शाळेत असताना मला एका वर्गमैत्रिणीने ते ऐकवलं होतं, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. उत्तर साधं आहे. लीगला मतं मिळाली आणि ती भरपूर मिळाली, हे खरं आहे. ते लपवायचं कारण नाही. पण तो कौल दिला होता तो ज्यांना घर, शेत, भाडं, शिक्षण या अटींवर मत होतं त्यांनी. बहुसंख्य मुसलमान प्रौढांना, त्यातही बायकांना, त्या दिवशी मतच नव्हतं. दादीला कुणी विचारलंच नव्हतं. तरी जबाब मात्र तिच्याकडून, तिच्या मुलाकडून आणि नातीकडून मागितला गेला. मर्यादित मताचं हे दुखणं अमेरिकेच्या इतिहासातही सापडतं. थोड्यांनी दिलेलं मत सगळ्यांच्या नावावर जमा होतं.

घटना समितीने विभक्त मतदारसंघ रद्द केले आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं. घर, कर, शिक्षण, जात, धर्म, पुरुष-बाई काही न बघता. अमेरिकेत १९२० साली स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांना प्रत्यक्ष मत देता यावं यासाठी १९६५चा कायदा करावा लागला. आपण एका फटक्यात सतरा कोटींची यादी केली, तीही देशात पाचातले चार लोक निरक्षर असताना. म्हणून चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर काही खूण करायची नव्हती, हव्या त्या पेटीत ती नुसती टाकायची. या पेट्यांपैकी लाखो पेट्या आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. १९५२च्या जानेवारीत दादी बुरखा घालून शाळेतल्या केंद्रावर गेली. दादा बरोबर होते, पण आडोशाच्या आत त्यांना जाऊ दिलं नाही, याची तिला फार गंमत वाटली होती.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत असतो, म्हणून भरभर सांगते. १९६७ साली, स्थापनेला जेमतेम वर्ष होत असताना, शिवसेनेने ठाणे नगरपालिका जिंकली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. मुसलमान म्हणून त्या राजकारणाची मला कधी कधी भीती वाटली, हे कबूल करते. पण गल्लीतल्या शाखेत बसणारा पोरगा नगरपालिकेत जाऊन बसू शकतो, हे ठाण्याने त्यातून पाहिलं, हेही खरं. जॅक्सनच्या गर्दीला नाकं मुरडणारे लोक इथेही होते.

ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली झाली. १९८३ साली कल्याण, डोंबिवली आणि आसपासचा भाग एकत्र करून कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. आणि तिथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. महानगरपालिका झाली, पण निवडणूक झाली नाही. पहिली निवडणूक १९९५ साली झाली. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते १९८९ साली. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि त्या वर्षी लोकसभेला मत देणाऱ्या पहिल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी एक होते. म्हणजे दिल्लीत कोण बसावं हे मी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं आणि माझ्या गल्लीतलं गटार कुणी बघावं हे सांगायला मला पंचविसावं उजाडलं. तोवर प्रशासक.

असंच पुन्हा झालं. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत २०२०च्या नोव्हेंबरात संपली, ठाण्याची २०२२च्या मार्चमध्ये. आधी करोना, मग आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात. मतदान झालं ते २०२६च्या जानेवारीत. या मधल्या काळात कुणाचा हक्क काढून घेतला नव्हता. यादीत नाव होतं, ओळखपत्र होतं, फक्त वापरायचा दिवस येत नव्हता. डोंबिवलीतल्या माझ्या एका मैत्रिणीने रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार करायला कुणाकडे जायचं हे विचारलं, तेव्हा मी तिला माजी नगरसेवकाचा नंबर दिला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मलाही आता कुणी विचारत नाही."

नगरपालिकांच्या नगराध्यक्षाचंही तसंच. २०१६ साली तो थेट लोकांनी निवडायचं ठरलं, २०२० साली ते बंद झालं, २०२२ साली पुन्हा सुरू झालं. ज्या सरकारला जे सोयीचं ते. थेट निवडणूक म्हणजे जास्त लोकशाही, असं जॅक्सनची माणसं म्हणत. तसं असेलही, पण ती सोयीप्रमाणे चालू-बंद करणाऱ्यांना लोकशाहीची फार काळजी असेल असं मला वाटत नाही.

यंदाच्या जानेवारीत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, म्हणजे एका मतदाराने चार मतं द्यायची. माझ्या पुढे रांगेत एक म्हातारी होती. यंत्रापाशी ती गोंधळली, तिचा मुलगा मदतीला पुढे झाला, तर केंद्रावरच्या बाईंनी त्याला हात करून थांबवलं आणि तिला लांबूनच सांगितलं, "आजी, सावकाश. घाई नाही." बराच वेळ गेला. रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. मग एकदाचा यंत्राचा लांब आवाज आला आणि म्हातारी बाहेर आली. मुलाने दबक्या आवाजात विचारलं, "कुणाला दिलंस?" ती त्याच्याकडे न बघता चपला शोधत राहिली.