साथ, सक्ती आणि वार्ता



'टाळेबंदी' हा शब्द अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसाला २०२० साली नव्याने शिकावा लागला नाही. कारखान्याच्या फाटकाला मालकाने कुलूप लावले म्हणजे टाळेबंदी, हा अर्थ औद्योगिक वसाहतीच्या आसपास घरोघर ठाऊक होता. त्या शब्दामागोमाग बुडालेला पगार, वाण्याकडची वाढती उधारी आणि गावी परतण्याची तयारी, एवढे सगळे येते हेही ठाऊक होते. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून हाच शब्द साऱ्या देशाला लागू झाला. सरकारला म्हणावयाचे होते, 'रोगाला दार बंद'. कामगाराने ऐकले, 'कामाला दार बंद'. शब्द एक, पण सांगणाऱ्याचा अर्थ निराळा आणि ऐकणाऱ्याचा निराळा. या दोन अर्थांमधले अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

साथीच्या काळात लोक नियम का मोडतात, असे विचारले तर एक उत्तर तयार असते. लोक अडाणी आहेत, बेशिस्त आहेत, त्यांना दंडुक्याचीच भाषा कळते, असे ते उत्तर. हे उत्तर सोपे आहे. ते खरे आहे की नाही, हे थोडे तपासून पाहू.

प्रथम, निर्बंध कशासाठी असतात ते पाहिले पाहिजे. कोरोनासारखा रोग श्वासावाटे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, आणि ती दिसण्यापूर्वीही माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणून केवळ आजाऱ्याला वेगळे ठेवून भागत नाही, धडधाकट माणसालाही घरी थांबावे लागते. येथेच खरी अडचण आहे. औषध घेतले आणि ताप उतरला, तर गुण आला असे आपण म्हणतो. निर्बंधाला गुण आला तर काहीच घडत नाही. शेजारी आजारी पडत नाही, एवढेच. यश डोळ्यांना दिसत नाही आणि कष्ट मात्र रोज दिसतात. न दिसणाऱ्या लाभासाठी दिसणारा तोटा सोसायचा, तर सांगणाऱ्यावर विश्वास हवा. हा विश्वास पिकतो किंवा करपतो तो वार्तेच्या शेतात.

याचा सर्वांत कटू धडा महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. या समजुतीला आधार होता तो एवढाच की रोगी फार उशिरा तेथे पोचत आणि बहुतेक दगावत. अफवा बहुधा निव्वळ खोटी नसते. खऱ्याचा एक तुकडा घेऊन ती उरलेले चित्र भयाने पुरे करते.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते निर्बंध घालण्याचा अधिकार देतो. लोकांना त्यांचे कारण सांगितले पाहिजे, असे बंधन मात्र त्यात नाही. याच कायद्याच्या आधारे पुण्यात रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. रोगी रुग्णालयात, नातेवाईक वेगळ्या छावणीत आणि घरातले सामान जाळण्यासाठी बाहेर, असा तो कारभार. वैद्यकीय दृष्टीने त्यातल्या काही गोष्टींना अर्थ होता. परंतु स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांनिशी शिरणाऱ्या सोजिराकडून तो अर्थ कोणाला कळणार? २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि काही दिवसांनी तो मरण पावला. सप्टेंबरात 'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टिळकांचा विरोध रोगनिवारणाला नव्हता. पुण्यात हिंदू रुग्णालय उभारण्यात त्यांचाच पुढाकार होता. विरोध होता तो पद्धतीला. त्याच उन्हाळ्यात विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये दिली. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी पुढे यायला तयार झाला नाही, आणि परत आल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. गाऱ्हाणे खरे असले तरी ते पुराव्यावाचून छापले तर त्याचे बळ जाते, हा वृत्तपत्रांसाठी धडा. आणि गाऱ्हाणे मांडणाऱ्याला भय वाटू लागले तर पुरावा पुढे येत नाही, हा राज्यकर्त्यांसाठी धडा. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल करून लोकांतल्या वजनदार माणसांची मदत घेण्याचे धोरण धरले.

आता आपल्याकडे वळू. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने हाच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेतला. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली. संध्याकाळी पाच वाजता लोकांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. पहिल्या दिवसांत विरोध जवळजवळ नव्हताच. भय सर्वांना सारखे वाटत होते, आणि आपण सर्व एका नावेत आहोत अशी भावना होती. ती नाव एक नव्हती, हे पुढच्या काही आठवड्यांत उघड झाले.

आपल्याच पट्ट्याचे उदाहरण घ्या. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. ते अत्यावश्यक ठरले आणि चालू राहिले. शेजारच्या इतर कारखान्यांना कुलूप होते. एकाच चाळीतल्या दोन खोल्यांपैकी एकीतल्या माणसाने कामावर गेलेच पाहिजे आणि दुसरीतल्याने उंबरठा ओलांडता कामा नये, असा प्रकार झाला. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले दाटीचे शहर. तेथे पुढच्या खोलीत दुकान किंवा शिवणयंत्रे आणि मागे संसार, अशी कितीतरी घरे आहेत. तेथे 'घरी थांबा' म्हणजे 'धंदा बंद ठेवा'. बदलापूर मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर. तिथल्या रुग्णालयातील परिचारिकेला, बँकेतील कारकुनाला लोकलवाचून गती नाही. लोकल २३ मार्चपासून बंद होती. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवकांना खुली झाली, आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना ती पुन्हा मिळाली १५ ऑगस्ट २०२१ ला. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर मे २०२० मध्ये, मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तेथेच राहावे, असा आदेश काढला होता आणि विरोध होताच तो स्थगित केला. जुलैमध्ये, देशात इतरत्र निर्बंध सैल होत असताना, ठाणे जिल्ह्यातील आपल्या शहरांत पुन्हा टाळेबंदी आली.

पगाराचे काय झाले? कामगाराला पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला आणि मे महिन्यात तो मागे घेतला. लहान कारखानदार म्हणत होता, माल विकला जात नाही तर पगार कोठून देऊ? कामगार म्हणत होता, पगार नाही तर भाडे कोठून देऊ? दोघेही खरेच बोलत होते. अशा स्थितीत रस्त्यावर आलेल्या माणसाला 'बेशिस्त' म्हणणे म्हणजे त्याचा हिशेब न वाचताच त्यावर शेरा मारणे होय.

अंतर ठेवा, हा उपदेशही सर्वांना सारखा पाळता येण्याजोगा नव्हता. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्क्यांना. शहर तेच आणि नियमही तेच. फरक होता तो खोलीच्या आकाराचा आणि सामाईक नळाचा.

आता वार्तेकडे येऊ. या काळात वार्तेची नेहमीची वाटच मोडली होती. १८ एप्रिल २०२० च्या राज्याच्या आदेशाने वृत्तपत्र छापण्यास मुभा दिली, पण ते घरोघर टाकण्यास मनाई केली. टीका झाल्यावर थोड्याच दिवसांत मुंबई-पुणे वगळून ही मनाई सैल झाली. सकाळचा पेपर दारात पडेनासा झाला, तेव्हा हातात उरला मोबाइल. पेपरातल्या मजकुराला निदान संपादक असतो, छापखान्याचा पत्ता असतो. मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुराला आई-बाप नसतात. कोंबडीच्या मांसातून रोग पसरतो, ही अफवा अशीच फिरली, आणि साथ दाराशी येण्यापूर्वीच कोंबडीपालकांचा धंदा बसला.

१४ एप्रिलला पहिली मुदत संपत होती. त्या दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आणि वांद्रे स्थानकाजवळ परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी झाली. खास गाड्या सुटणार असल्याच्या बातमीवरून एका मराठी वृत्तवाहिनीच्या वार्ताहराला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. रेल्वेच्या अंतर्गत पत्रव्यवहाराचा आधार वाहिनीने सांगितला. परंतु केवळ एका बातमीने इतकी माणसे बाहेर येत नाहीत. तीन आठवड्यांची शिल्लक संपलेली, परतीचा मार्ग बंद आणि पुढे काय, हे सांगणारे कोणी नाही, अशा मनाला 'गाडी' हा शब्द पुरतो. श्रमिकांसाठी गाड्या १ मेपासून खरोखरच सुटू लागल्या. तरी ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. एवढी माहिती वेळेवर पोचणे हे किती मोलाचे असते!

काही माध्यमांनी भयाला एखाद्या समाजाचे नाव चिकटवले. तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी, या लोकांविरुद्ध माध्यमांत मोठा अपप्रचार झाला व त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे निरीक्षण नोंदवले. साथीत शत्रू शोधणारी वार्ता रोगापासून लक्ष उडवते, आणि संशयित ठरलेला माणूस तपासणीला यायला कचरतो. म्हणजे ती रोगालाच मदत करते.

आकड्यांचेही असेच. 'एकूण बाधित' ही संख्या पहिल्या दिवसापासूनची बेरीज असते. ती कधीही कमी होऊ शकत नाही. रोज संध्याकाळी ती वाढलेलीच दिसणार. शहरात आज किती रोगी आहेत, हे 'उपचार घेत असलेले' या संख्येवरून कळते. आणि साथ चढते आहे की उतरते आहे, हे चाचण्यांपैकी शेकडा किती बाधित निघाले यावरून. पहिला आकडा मोठ्या अक्षरांत आणि बाकीचे दोन कोपऱ्यात छापले, तर एकही शब्द खोटा न लिहिता वाचकाची दिशाभूल होते.

यावर उपाय म्हणून तोंडे बंद करावीत काय? ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोट्या बातम्यांच्या भीतीपोटी माध्यमांना घडामोडींची अधिकृत बाजू प्रसिद्ध करण्यास सांगितले. मुक्त चर्चेत ढवळाढवळ करण्याचा हेतू नाही, असेही त्यात होते. बरोबर तेरा महिन्यांनी, प्राणवायूसाठी माणसे तडफडत असताना, ३० एप्रिल २०२१ रोजी त्याच न्यायालयाने बजावले की आपली अडचण जाहीरपणे मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई होता कामा नये. दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचावेत. अधिकृत माहिती खाली पोचली पाहिजे आणि लोकांची हाक वर पोचली पाहिजे. वाट दुहेरी असेल तरच वार्ता म्हणावे. एकेरी असेल तर ती दवंडी.

तात्पर्य तीन गोष्टींत सांगता येईल. निर्बंध घालणाऱ्याने नियमाबरोबर त्याचे कारण आणि मुदत सांगावी, आणि नियम पाळण्याचा खर्च कोण भरणार तेही सांगावे. वृत्तपत्राने गाऱ्हाणे छापावे, पण नावानिशी आणि पडताळून. आकडा द्यावा, पण त्याचा अर्थ सांगून. आणि आपण नागरिकांनी आलेली वार्ता पुढे ढकलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ही सांगितली कोणी? आणि तो हे कशावरून म्हणतो?

हा विषय कोरोनाबरोबर संपला, असे आपल्या पट्ट्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. जून २०२१ मध्ये बदलापुरात रासायनिक वायूची गळती होऊन लोकांना श्वासाचा त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथवर पसरलेल्या रासायनिक धुराची चित्रे मोबाइलवरून घरोघर फिरली. अशा वेळी 'दारे-खिडक्या लावून घरात थांबा' किंवा 'या दिशेने बाहेर पडा' हा निरोप पाच-दहा मिनिटांत पोचावा लागतो, आणि मुख्य म्हणजे त्यावर लोकांचा विश्वास बसावा लागतो. तो विश्वास भोंगा वाजल्यावर निर्माण करता येत नाही. तो आधीच्या शांत दिवसांत, नगरपालिकेने, कारखान्यांनी आणि वृत्तपत्रांनी खरे बोलून साठवून ठेवायचा असतो. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगावे? परंतु ती येईल त्या दिवशी आपल्या गाठीला विश्वासाची किती शिल्लक असेल, हे मात्र आज ठरते आहे.